गोरी सून

राहीबाई काळी होती. गव्हाळ नव्हे, सावळी नव्हे, काळीच. पण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाप तिला खांद्यावर घेऊन मळ्यातनं हिंडायचा, 'माझी साळुंकी' म्हणायचा. विहिरीच्या पायरीवर बसून वाकलं की पाण्यात तिला आपलं तोंड दिसे, कपाळावरचं हिरवं गोंदण दिसे, हसली की सगळे दात दिसत. आपण चांगल्या दिसतो, अशी तिची साधी, न बोललेली समजूत होती.

मग तिला पाहायला पहिली माणसं आली. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली, उजेडाकडं वळवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "नाकीडोळी बरी हाय. पर रंगानं मार खाल्लाय."

त्या दिवसापासून राही विहिरीत वाकली नाही. त्या वर्षात आणखी तीन घरची माणसं आली आणि परत गेली. आई तिला रोज पहाटे मसुराचं पीठ आणि साय लावून घासायची. गालाची साल निघाली, रंग काही निघाला नाही. बापानं साळुंकी म्हणणं कधी सोडलं ते त्याचं त्याला कळलं नसेल, राहीला मात्र कळलं. शेवटी कोरेगावपासून दोन कोसांवरच्या गावचा नाथाजी नावाचा बिजवर मिळाला. तिशीचा, अबोल. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमची पैली केतकीच्या पानावानी व्हती. ही आपली कामाला बरी."

कामाला ती खरंच बरी होती. भुईमूग उपटायला, ज्वारी खुडायला, आल्याच्या वाफ्यात वाकायला राहीबाईसारखी बाई पंचक्रोशीत नव्हती. दहा-बारा वर्षांत सासू गेली, घर तिच्या हातात आलं. एकच मुलगा जगला, कृष्णात. बायका रूपाच्या गोष्टी करू लागल्या की राहीबाई म्हणायची, "रूप काय चाटायचं हाय? मानसाचा हात बगावा." आणि असं म्हणताना ती खोटं बोलत नव्हती. तिशी-पस्तिशीत तिला आपल्या तोंडाची आठवण दिवसातनं एकदा, कुंकू लावताना तेवढी व्हायची.

कृष्णात एकोणीस वर्षांचा झाला आणि पलटणीत गेला. आफ्रिकेत होता, मग इटलीत. सहा वर्षांनी, सेहेचाळीसच्या माघात, लोखंडी पेटी घेऊन तो घरी आला तेव्हा आधी दारातल्या कुत्र्यानं त्याला ओळखलं नाही आणि मग आईनंही क्षणभर ओळखलं नाही. अंगानं भरला होता, पण जेवायला बसला की ताटाभोवती डावा हात धरून भराभरा जेवायचा, कुणी ओढून नेईल तसा. आठ दिवसांतच नाथाजी म्हणाला, "आता ह्येचं लगीन उरकू. मानूस घरात बसाया पायजे."

आणि मुली बघायला लागल्यावर राहीबाईच्या मनात जे उभं राहिलं त्याचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं मेलं आहे असं वाटत होतं ते मेलं नव्हतं. सेहेचाळिसाव्या वर्षी तिला हवी होती गोरी सून. नुसती उजळ नव्हे. दारात उभी राहिली की बायकांनी डोक्यावरची घागर सांभाळत मान वळवून बघावी अशी.

पहिलं स्थळ आष्ट्याचं होतं. मुलीचे वडील आप्पासो तालेवार शेतकरी, वीस एकर उसाची जमीन, मोठा सोपा, घरात राबता. मुलगी साळू चहा घेऊन आली. काळी होती, पण तुकतुकीत. खांदे रुंद, पावलं घट्ट. वाकून बशी ठेवताना कृष्णातचा धक्का लागून चहा हिंदकळला तशी ती खाली बघूनच हसली आणि कृष्णातही हसला. परत आल्यापासून राहीबाईनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या मोटारीत तो म्हणाला, "आये, पोरगी चांगली हाय."

"काळी हाय."

"आसंना. तिकडं आमी काय काय बगितलंय, आये. गोऱ्या बाया पावाच्या तुकड्यासाठी रांगंत हुब्या ऱ्हायलेल्या. गोरं काय आनी काळं काय, उपाशी मानूस समदं सारखंच दिसतं."

"मला न्हाई पायजे," राहीबाई म्हणाली. "माझ्या घरात एक काळी बास झाली."

नाथाजी खिडकीबाहेर बघत होता. त्यानं वळून तिच्याकडं एकदा पाहिलं. थोड्या वेळानं कृष्णात म्हणाला, "तुला आवडंल तशी बग मंग. मला काय, कुनीतरी पायजे घरात."

आष्ट्याला नकाराचा निरोप गेला. रंगाचं कारण कुणी सांगितलं नाही. पत्रिका जुळत नाही असं कळवलं. राहीबाईला माहीत होतं, त्या घरात ते कुणी खरं मानणार नाही.

मग चैत्रात मलकापूरचं स्थळ आलं. घर बेताचं. बाप गेलेला, आई भामाबाई दोन म्हशींवर आणि दीड एकरावर घर चालवत होती. मुलगी शालू आतून आली आणि राहीबाई बघतच राहिली. सतरा वर्षांची, उंच, सडपातळ. कातडी अशी की गळ्यावरची निळी शीर दिसावी. डोळे मोठे, ओलसर, चमकदार. आणि दोन्ही गालांवर लाली, कुंकवाचं बोट ओढल्यासारखी. राहीबाईनं तिला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला. हात गरम होता. पोरगी घाबरली असेल, असं तिला वाटलं.

"खोकला हाय काय गं?" तिनं विचारलं, कारण बोलताना शालू दोनदा खाकरली होती.

"शेंगा भाजत व्हती सकाळी. धूर ग्येला जरा," भामाबाई म्हणाली.

राहीबाईनं तिथंच पानसुपारी घेतली.

वैशाखात लग्न झालं. वरात आली त्या दिवशी गावातल्या बायका नाथाजीच्या दारात दाटल्या. हरणाबाई पाटलीण, जिनं नव्या राहीला कधी काळी 'कोळशाची गोणी' म्हटलं होतं, ती नव्या सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "राहीबाई, कुठनं आनलीस गं ही?" राहीबाईला त्या एका वाक्यात तीस वर्षांचं सारं मिळालं. त्या रात्री तिला सुखानं झोप लागली.

शालू स्वभावानं गरीब होती. राहीबाईला आत्ती म्हणायची, हाक मारली की हातातलं टाकून धावत यायची. कृष्णात तिच्याशी काय बोलायचा कुणाला ठाऊक, पण ताटाभोवती हात धरायचा ते त्यानं दोन महिन्यांत सोडलं. संध्याकाळी तो तिला इटलीतल्या द्राक्षांच्या मळ्यांचं सांगत बसे आणि ती विचारी, "आनी तितं भाकरी कशाची करत्यात?" आतनं राहीबाई ऐके.

पेरणी झाली, पिकात तण माजलं आणि भांगलण आली. शालू पदर खोचून उभी राहिली. "आत्ती, मी बी येते रानात. म्हायेरी मी भांगलत व्हते की."

"नगं. रापशील."

"चार दिसांत काय रापती मी?"

"मी न्हाई म्हनलं न्हवं? घरातलं बग."

एवढंच नव्हे. राहीबाईनं तिला पाण्यालाही पाठवलं नाही. अंगणात वाळवण घालायचं तर ते उन्हं कलल्यावर. घराला दोनच खिडक्या, त्याही बोळात उघडणाऱ्या. चुलीचा धूर आढ्याला लागून तिथंच घोटाळायचा आणि शालू दिवसभर त्या अंधारात, त्या धुरात, भाकरी थापायची, दळायची, सारवायची. बाजारच्या दिवशी मात्र राहीबाई तिला नवं लुगडं नेसवून, डोक्यावर पदर नीट घेऊन कोरेगावला न्यायची, आणि येताना छत्री तिच्यावर धरायची. लोक हसायचे. सासू सुनेवर छत्री धरते! राहीबाईला ते हसणंही गोड लागायचं.

दुसऱ्या वर्षी शालूला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. त्यानंतर ती सावरली नाही. संध्याकाळ झाली की अंग कोमट व्हायचं. खोकला मुरला. राहीबाई अडुळशाचा काढा देत होती, हळद-दूध देत होती. शालू वाळत चालली, पण नवल असं की वाळता वाळता तिचं रूप वाढत होतं. डोळे आणखी मोठे झाले. कातडी मेणासारखी झाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणत, "सून दिसामाशी उजळती गं तुजी," आणि राहीबाई खोकल्याकडं कानाडोळा करून हसे.

ऑगस्टच्या पंधराव्या तारखेला चावडीवर झेंडा लागला. कृष्णात इस्त्री केलेला खाकी ड्रेस घालून, पदकं लावून गेला होता, सलामी त्यानंच दिली. परत आला तो हातात साखरेची पुडी घेऊन. "शालू, त्वांड उघड," म्हणाला. शालू हसत चुलीपासून उठली, तिला ठसका लागला, तिनं पदर तोंडाला लावला आणि तो काढला तेव्हा पदराला रक्त होतं. बोटभर नव्हे, ओंजळभर.

कोरेगावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ लावली. मग नाथाजीला बाहेर बोलावून म्हणाले, "मिरजेला न्या. उशीर केलात."

मिरजेच्या बाहेर क्षयाच्या रोग्यांचा दवाखाना होता. लांबच लांब व्हरांडे, तीन बाजूंनी उघडे, खाटा ओळीनं मांडलेल्या. चार दिवसांनी तपासण्या होऊन डॉक्टरांनी राहीबाईला आणि कृष्णातला बसवून सांगितलं. दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. ते रागावले नव्हते, थकलेल्या आवाजात विचारत होते. "ही शेतावर जायची का?"

"न्हाई जी," राहीबाई अभिमानाची जुनी सवय सुटली नव्हती तशी पटकन म्हणाली, "रानात मी कवाच धाडली न्हाई तिला. घरातच ठेवली. सावलीत."

डॉक्टर कागदावर काही लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले, "ऊन, मोकळी हवा मिळाली असती तर बरं झालं असतं. या आजाराला अंधार आणि धूर म्हणजे खतपाणी."

कृष्णातनं आईकडं पाहिलं नाही. तिला वाटलं, त्यानं पाहायला हवं होतं.

नाथाजी शेत बघायला घरी राहिला, कृष्णात येऊन-जाऊन. राहीबाई मात्र तिथंच राहिली. रोग्यांच्या नातेवाइकांसाठी पत्र्याची एक शेड होती, तिथं तीन दगडांची चूल मांडून ती भात शिजवी, दूध तापवी. दिवसभर शालूच्या खाटेपाशी बसे. तिचं थुंकीचं भांडं स्वतः धुवी. इतर बाया नाकाला पदर लावत, राहीबाईनं कधी लावला नाही. शालूचे केस विंचरायला बसली की फणीत केसांचा झुबका येई, तो ती गुपचूप मुठीत धरून पदराखाली घाली. हाडं हाताला लागत. आणि तरी, व्हरांड्यातनं जाणारी नवी माणसं शालूपाशी थबकत. तापानं लाल झालेले गाल, पांढरं कपाळ, तेलाच्या दिव्यासारखे जळणारे डोळे. ही पोरगी लग्नाच्या मांडवातही एवढी सुंदर दिसली नव्हती.

एकदा दुपारी शालूनं शेजारच्या बाईकडून हातातला आरसा मागून घेतला. राहीबाई पाणी घेऊन येईपर्यंत तिनं तोंड पाहिलं होतं.

"आत्ती," ती हळू म्हणाली. तिला मोठ्यानं बोलायची बंदी होती. "मी लय देखनी दिसाया लागले की वो."

"दे त्यो हिकडं."

"थांबा की. बगू द्या. घरात आरसा कवा हातात पडत न्हवता कामातनं." तिनं मान जरा तिरकी केली. "आई म्हनायची, थोरलीच्या तोंडावर ग्येलीस तू. आता खरंच ग्येले."

"थोरली कोन?"

"माझी भन. मी ल्हान असतानाच ग्येली."

राहीबाईनं आरसा तिच्या हातातनं ओढून घेतला. ओढताना शालूचं मनगट तिच्या बोटांत आलं, इतकं बारीक की तिला एकदम भीती वाटली. तिनं आरसा परत केला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. समोरच्या माळावर शेळ्या चरत होत्या. त्या रूपाचा तिला इतका राग आला की ते चाकूनं खरवडून काढता आलं असतं तर तिनं काढलं असतं.

कार्तिकात नाथाजी दोन दिवस राहून गेला. शेडबाहेर दोघं दगडावर बसली होती. तो तंबाखू मळत होता. राहीबाईनं त्याला विचारलं, तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते. "आवं, तुमची पैली लय देखनी व्हती न्हवं?"

त्यानं तंबाखू मळणं थांबवलं. मग म्हणाला, "आसंल. समदी म्हनायची तसं."

"म्हंजी? तुमाला न्हाई आठवत?"

"त्वांड न्हाई आठवत. पाठीवर एक तीळ व्हता, त्यो आठवतो. आनी दार लावताना कडी हळूच लावायची, आवाज न करता."

"आनी माजं?" असं तिच्या ओठांवर आलं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पत्र्याच्या शेडपाशी, सून मरणाला टेकलेली असताना. तिला स्वतःची लाज वाटली. पण नाथाजीला ते ऐकू आलं असावं. तंबाखू तोंडात टाकून तो म्हणाला, "तू हाईस की हितं. हाय त्या मानसाला कोन आठवत बसतंय?" आणि उठून बैलांच्या चाऱ्याचं बोलू लागला.

मार्गशीर्षात शालू गेली. सकाळची वेळ होती, खाटांवर कोवळं ऊन आलं होतं. कृष्णात आदल्या दिवशीच आला होता. शेवटी ती राहीबाईला म्हणाली, "आत्ती, खाट जरा उन्हात वढा." दोघांनी मिळून खाट ओढली. तिचं अर्धं तोंड उन्हात आलं, तिनं डोळे मिटले. तासाभरानं नर्स नाडी बघायला आली आणि तिनं चादर वर ओढली.

कृष्णा नदीवर दहन केलं. राख सावडून कृष्णात मिरजेच्या स्टेशनावर बाकावर बसला होता. राहीबाई त्याच्या शेजारी बसली. तिला वाटत होतं, आता हा बोलेल. शिव्या देईल. आष्ट्याचं नाव काढील.

"माज्यामुळं झालं," ती स्वतःच म्हणाली. "मी अंधारात ठेवली तिला. रंगापायी."

कृष्णात रुळांकडं बघत होता. "आये, मला बी ती आवडली व्हती," तो म्हणाला. "पैल्या दिशी न्हवती आवडली. पन मागनं लय आवडली. तुजंमाजं आता काय वाटून घ्यायचं?"

गाडी आली. तो आईला आधार देऊन आत चढला आणि त्यानं तिला बसायला जागा करून दिली. राहीबाईला शिव्या सोसल्या असत्या.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी, संक्रांतीच्या आधी, ती एकटीच मलकापूरला गेली. शालूची दोन लुगडी आणि माहेरची पितळी परात द्यायचं निमित्त होतं. भामाबाई तिला पाहून गळ्यात पडली, रडली. राहीबाईही रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं. सगळ्या वाटेनं ती हेच घोकत आली होती.

"इनबाई, तुमाला ठावं व्हतं?"

"काय?"

"शालूला रोग व्हता त्यो."

भामाबाईनं कपाळावर हात मारला. "देवाशपथ न्हाई वो. ठावं असतं तर दिली असती व्हय? खोकला व्हायचा मधनंमधनं. आमच्यात समद्यांनाच व्हतो."

"थोरली कशानं ग्येली?"

"तापानं. खोकून खोकून ग्येली बिचारी. ती तर शालूपरास देखनी व्हती, इनबाई. मरताना बी तिच्याकडं बगत ऱ्हावंसं वाटायचं." भामाबाईच्या आवाजात रडणं होतं आणि त्या रडण्याखाली, राहीबाईला स्पष्ट ऐकू आलं, थोडा अभिमानही होता. "पोरींच्या वडलांच्या घरातलंच ह्ये रूप. त्येंची भन तशीच. त्ये स्वता तसंच, गोरंपान. चाळिशी बगितली न्हाई कुनी. दृष्ट लागती वो आमच्या घराला."

ही बाई खोटं बोलत नव्हती. या घरात ज्याला रूप म्हणत होते ते काय होतं हे कुणालाच कळलं नव्हतं, आणि मुलगी बघायला आलेल्या राहीबाईलाही कळलं नव्हतं. उलट ती त्यावरच भुलली होती.

तेवढ्यात आतनं एक अकरा-बारा वर्षांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. शालूची धाकटी बहीण, रंगू. लग्नात ती लहान होती, गर्दीत कुठं तरी असेल. राहीबाईनं तिच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. पांढरं कपाळ. मोठे ओले डोळे. दोन्ही गालांवर लाली.

"ये गं हिकडं," राहीबाई म्हणाली. तिनं मुलीचा हात धरला. हात गरम होता.

"इनबाई, हिला उद्या मिरजेला न्यायची."

"का? काय झालं हिला? चांगली तर हाय."

"म्हनूनशान न्यायची."

भामाबाई ऐकेना. म्हशी कोण बघणार, पोरीच्या नावाला बट्टा लागेल, कुणी करणार नाही हिला. रात्रभर राहीबाई त्या मुलीच्या अंथरुणाशेजारी पडून तिचा श्वास मोजत राहिली. पहाटे मुलगी दोनदा खोकली. सकाळी राहीबाईनं शेजारणीला म्हशींचं सांगितलं, दोघींना कऱ्हाडच्या स्टेशनावर नेलं आणि गाडीत बसवलं. भामाबाई सांगलीपर्यंत रडत होती. लोक विचारत होते, कोण गेलं? राहीबाई म्हणत होती, "कुनी न्हाई ग्येलं अजून."

डॉक्टरांनी राहीबाईला ओळखलं. मुलीच्या छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरून बघितला. डाव्या बाजूला वर, रुपयाएवढा डाग होता. "सुरुवात आहे," ते म्हणाले. "ठेवावी लागेल. वर्षभर, कदाचित जास्त. मी वचन देत नाही."

तोंडं धुवायला तिघी नळापाशी गेल्या तेव्हा एक नवी नर्स मुलीचा गाल कुरवाळून म्हणाली, "अगंबाई, किती गोड पोर! गुलाबासारखी आहे." भामाबाई रडता रडता हसली. राहीबाईनं मुलीचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं.

रंगू चौदा महिने तिथं होती. राहीबाई महिन्या-दोन महिन्यांनी भाकरी, लोणी, अंडी बांधून घेऊन जायची. घरात तसं दुसरं कुणी नव्हतंच ज्याच्यासाठी बांधावं. कृष्णातनं फाल्गुनातच पुन्हा पलटणीत नाव दिलं होतं. जाताना तो आईच्या पाया पडला, नीट जेव म्हणाला. त्याची पत्रं महिन्याला एक येत, त्यात हवामान आणि खुशाली. दुसऱ्या लग्नाचं नाथाजीनं दोनदा लिहून पाहिलं. त्याचं उत्तर त्या पत्रांत नसायचं.

राहीबाई पहिल्यासारखी रानात जात होती, पण तिला एक विचित्र सवय लागली. भांगलायला आलेल्या पोरी, उन्हानं रापलेल्या, घामानं निथळणाऱ्या, काखेत पाटी घेऊन बांध चढताना धाप न लागता एकमेकींना हाका मारणाऱ्या, त्यांच्याकडं ती काम सोडून बघत बसायची. पोरी लाजायच्या. "काय बगताय वो काकू?" विचारायच्या. "काय न्हाई," म्हणून ती पुन्हा वाकायची. तिला सांगता येत नव्हतं. तिला वाटायचं, एवढं देखणं काही आपण जन्मात पाहिलं नाही, आणि आपणही कधी काळी अशाच होतो, आणि ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि आपणही कुणाला सांगितलं नाही.

एकोणपन्नासच्या चैत्रात रंगूला घरी सोडलं. डाग सुकला होता. पूर्ण बरी म्हणता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, जपावं लागेल, पण आता जाऊ दे. राहीबाई आणि भामाबाई दोघी तिला आणायला गेल्या. चौदा महिने उघड्या व्हरांड्यात, वाऱ्या-उन्हात राहिलेली मुलगी अंगानं जरा भरली होती आणि चांगलीच काळवंडली होती. गालांवरची लाली पार गेली होती. नाकावर ऊन लागून साल निघाली होती.

गाडीत भामाबाई तिच्याकडं पुन्हा पुन्हा बघत होती. सांगली मागं पडली तशी तिला राहवेना. ती राहीबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "पोरीचा रंग ग्येला वो इनबाई. समदं रूप ग्येलं. आता कोन करंल हिला?"

राहीबाईला वाटलं, काही तरी कडक बोलावं. पण या बाईच्या दोन मुली गेल्या होत्या, आणि असंच बोलत बोलत आपलं स्वतःचं आयुष्य गेलं होतं. ती म्हणाली, "कुनी न्हाई केली तर न्हाई. जित्ती तर ऱ्हाईल."

भामाबाईला ते पटलं नाही. तिनं पिशवीतल्या तांब्यातल्या पाण्यानं पदराचं टोक ओलं करून घेतलं आणि रंगूचं तोंड खसाखसा पुसू लागली, धूळच असेल अशा आशेनं. रंगू "आई, लागतंय" म्हणत होती. राहीबाईनं भामाबाईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. खिडकीतनं ऊन आत येत होतं. तिनं मुलीला खिडकीकडं सरकवलं आणि स्वतः सावलीत बसली.